पहिलं मानधन
लिफ्ट दुरुस्त करणारा तो सुट्टीच्या दिवशी मित्रांच्या बँडमध्ये हौसेनं बास गिटार वाजवायचा. जुनी, संथ गाणी त्याच्या आवडीची. “बास कुणाच्या लक्षात येत नाही, पण नसली की गाणं कोसळतं,” तो सांगायचा. वडील म्हणायचे, “फुकटची हमाली.” अखेर बँडला मानधनाचा कार्यक्रम मिळाला आणि वडील पहिल्यांदाच ऐकायला आले. पडदा उघडण्याआधी गायक म्हणाला, “राग मानू नकोस, बाहेरचा वादक आणलाय. तुझी गिटार तेवढी दे.” त्यानं ती सुरात लावून दिली आणि विंगेत बसून राहिला. नजर अधू झालेले वडील कार्यक्रमानंतर चाचपडत मागे आले. त्याची बोटं कुरवाळत म्हणाले, “आज कळलं, तू काय वाजवतोस ते. पुढच्या कार्यक्रमालाही येईन.” तो काही बोलण्याआधीच गायक म्हणाला, “नक्की या, काका. आता असंच वाजवणार आहे तो.”