टांकीपासून तिसरं घर

वसुंधराबाई गेल्या हे बडोद्याच्या कारेलीबागेतल्या त्या सोसायटीला ॲम्ब्युलन्स परत जाताना कळलं. गाडी रिकामीच गेली. न्यायला कुणी उरलंच नव्हतं.

विश्वंभररावांनी वेळ पाहून ठेवली होती. रेल्वेच्या सिग्नल खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. बायको समोर जात असतानाही घड्याळ बघत होता. फोन केला सहा दहाला, गाडी दारात आली सहा बावन्नला. इस्पितळ दहा मिनिटांच्या अंतरावर.

दोन महिन्यांनी, एका रविवारी, वसुंधराबाईंची भाची ऋचा आली. तिचे सर मागून, घर शोधत आले. तिला पीएचडीची जागा मिळायची शक्यता होती, तीही स्टायपेंडसकट. अलकापुरीतली एक मोबाइल कंपनी तीन वर्षं खर्च करणार होती. माणूस कुठे उभा आहे ते त्याच्या हातातल्या फोनला आपोआप कळावं आणि जवळचं इस्पितळ फोननेच दाखवावं, असा काहीसा विषय; तेव्हा फोनमध्ये नकाशे नव्हते. जागा एक, उमेदवार अकरा. अर्ज सोमवारी द्यायचा होता आणि त्यात घडलेली एक खरी घटना घालायची होती. घटना घरातच होती.

जागा मिळाली नाही तर ऋचाला पुन्हा ट्यूशन क्लासमध्ये दहावीची गणितं शिकवावी लागणार होती. जाहिरात पेपरातून कापून तिच्या हातात ठेवली होती ती मावशीनेच, जाण्याच्या आठच दिवस आधी. म्हणून विश्वंभररावांनी दोघांना घरात घेतलं. नाहीतर दारातूनच वाटेला लावलं असतं.

सर लक्ष्मीकांत म्हणून होते, पस्तिशीचे. मुंबईहून बडोद्याला येऊन वर्ष झालं होतं. चहाची स्तुती करून त्यांनी कागद काढले. अर्ज इंग्रजीत होता. ऋचा मराठीत सांगत गेली. त्यात मावशीचं नाव नव्हतं. ‘महिला, वय एकसष्ट’ असं होतं. पुढे, स्थानाच्या माहितीअभावी विलंब.

“माहितीअभावी म्हणजे?” विश्वंभररावांनी विचारलं. “एकोणीस वर्षं या घरात राहतोय. मी कुठे आहे ते मला ठाऊक आहे.”

“तेच तर, विश्वंभरराव. तुम्हाला ठाऊक आहे, यंत्राला नाही.”

“यंत्र नव्हतं आलं. माणूस आला होता, गाडी घेऊन.” त्यांनी घड्याळाकडे बोट केलं. “तुम्ही अकराला येणार होतात. पावणेबाराला आलात. खिशात फोन होताच की.”

सर हसले. नकाशे अजून तयार व्हायचे आहेत, म्हणाले. त्यासाठीच तर तीन वर्षं.

“रिक्षावाला पाच मिनिटांत शोधतो. त्याला कुणी स्टायपेंड देत नाही.”

ऋचाने मान खाली घातली. सरांनी बिस्किट उचललं. अर्जात ‘विलंब’ हा शब्द किती वेळा आलाय ते विश्वंभररावांनी मघाच मोजलं होतं. नऊ वेळा. बाई एकदाच गेली होती.

“काका, एकच रकाना राहिलाय,” ऋचा हळूच म्हणाली. “तुम्ही फोनवर पत्ता काय सांगितला होता? अगदी तुमच्याच शब्दांत हवाय.”

घराचा नंबर सांगितला होता, असं विश्वंभररावांनी म्हटलं असतं तरी चाललं असतं. दोष ड्रायव्हरच्या नावावर गेला असता, अर्जही बिघडला नसता. त्या ड्रायव्हरने वाटेतून एकदा फोन केला होता. म्हणाला, “काका, टांकीथी त्रीजुं घर तो बंध छे.” आणि ते त्याच्यावरच ओरडले होते, तिसरं घर बंद कशाला असेल, दार सताड उघडं ठेवलंय, डोळे उघडून बघ.

“लिही,” ते म्हणाले. “पाण्याच्या टांकीपासून तिसरं घर.”

ऋचाचं पेन थांबलं. तिला माहीत होतं.

“कुठली टांकी?” सरांनी विचारलं. “येताना दिसली नाही.”

“पाडली. दोन वर्षं झाली. नवी तिकडे बांधलीय, हायवेच्या बाजूला. सोसायटीत सगळे अजून तोच पत्ता सांगतात. ड्रायव्हर नव्या टांकीपाशी गेला आणि घरं मोजत बसला.”

“वा,” सर पुढे सरकले. “हे फारच उत्तम उदाहरण आहे. ऋचा, यावर स्वतंत्र प्रकरण होईल.”

विश्वंभररावांनी त्यांच्याकडे पाहिलं. ड्यूटीवर झोपलेल्या माणसाकडे ते नोकरीत असताना असंच बघत. मग त्यांनी चष्मा लावला आणि संमतीच्या कागदावर सही केली. खाली पत्त्याची ओळ होती. तिथे त्यांनी घराचा नंबर घातला, गल्लीचा नंबर घातला. आणखी काही लिहिलं नाही.

“जागा मिळाली तर घे,” ते ऋचाला म्हणाले. “मावशीने कात्रण उगाच कापलं नव्हतं.”

दोघांना सोडायला ते फाटकापर्यंत गेले. सर चालता चालता फोनवर त्या प्रकरणाबद्दलच कुणाला तरी सांगत होते.

परत येताना अंगणात स्कूटर उभी होती. स्कूटरच्या मागे भिंतीला टेकवून पत्र्याची एक पाटी होती. सोसायटीतली सगळी घरं तिच्यावर नंबरांसकट रंगवलेली. टांकी पाडली त्या महिन्यात वसुंधराबाईंनी ती पेंटरकडून करून आणली होती, फाटकावर लावायला. विश्वंभरराव सोसायटीचे सेक्रेटरी. इथे परका येतो कोण, असं म्हणून त्यांनीच ती तिथे ठेवली होती.

पाटीला दोन भोकं पाडून ती तारेने फाटकाला बांधायची, एवढंच काम आहे. ते अजून झालेलं नाही.