सरायचा रिवाज

जिंतूरची बादशाही दगडी सराय म्हणजे निजामी अमलातल्या वाटसरूंचा फुकटातला आसरा. रिवाज एकच: निघणाऱ्यानं कोपऱ्यातल्या बादलीतल्या शेणकाल्यानं चूल सारवूनच निघायचं. पहिल्या बाळंतपणासाठी लेकीला माहेरी पेडगावला नेणाऱ्या धुरपताबाईनं तिथं चूल पेटवली, तेवढ्यात महसूल तपासणीच्या दौऱ्यावरच्या गिरदावरसाहेबांचा चपराशी आत घुसला. “ऊठ म्हातारे, खोली खाली कर. सायबाचा मुक्काम हाय!” “पोरीचे दिवस भरलेत, दादा. ओसरीला तरी पडू द्या.” “ओसरीत घोडा बांधायचाय!” त्यानं गाठोडं बाहेर भिरकावलं, कच्च्या भाकरीसकट तवा लाथाडला आणि तिच्याच विस्तवावर साहेबांच्या कोंबडीचं पातेलं चढवलं. धुरपताबाईच्या मस्तकात तिडीक गेली, पण रस्सा रटरटेपर्यंत ती दात आवळून उभी राहिली. मग तिनं बादली उचलली आणि पातेल्यासकट अख्ख्या चुलीवर पालथी केली. “घ्या, खोली खाली केली,” ती म्हणाली, “अन् चूलबी सारवली.”