काळभुंग्याचा शेवट

"या शहराचा एकेक दिवा मी विझवीन." कार्टूनमधल्या काळभुंग्याचा तो खर्जातला आवाज तिच्या बाबांचा होता. संध्याकाळी त्याच आवाजात ते तिला मांडीवर घेऊन घास भरवायचे.

सात वर्षं त्या खलनायकानं सुपरहिरोच्या नाकी नऊ आणले, आणि शेवटच्या भागात तो अवाक्षर न काढता बसमध्ये चढून शहर सोडून गेला. पोरं चिडली, मोठी माणसं हसली. बाबांना त्यानंतर कुणी माइकसमोर उभं केलं नाही.

बाबांना जाऊन चार दिवस झाले, तेव्हा त्या कार्टूनचा म्हातारा लेखक दारात आला. तिनं त्याला पाणीही विचारलं नाही.

"काका, कोणत्या तोंडानं आलात? सात वर्षं त्यांना राबवलंत आणि शेवटाला मुकं करून हाकलून दिलंत. इतकं काय वाकडं केलं होतं त्यांनी तुमचं?"

"ऐकून तरी घे."

"ते जन्मभर गप्प बसले, मी बसणार नाही. आणि चपला काढू नका, लगेच निघायचंय तुम्हाला."

म्हातारा उंबऱ्याबाहेरच थांबला. "तो असेपर्यंत तुला सांगायचं नाही, असं वचन होतं. काळभुंग्याचं मरण मी चार पानं लिहिलं होतं, पोरी. तुझ्या बापानं ते वाचलं आणि माइकपासून बाजूला झाला."



"म्हणाला, माझी पाच वर्षांची लेक रोज टीव्हीसमोर बसते, तिला माझा जीव जाताना ऐकू येता कामा नये."