आठची वेळ

सिनेट समितीच्या सात खुर्च्यांपैकी चार रिकाम्या होत्या. उरलेल्या तिघांतला एक सिनेटर पेंगत होता. साक्षीदारांच्या टेबलावर एकच मायक्रोफोन होता आणि अल्डन रोस्टवेट नुकताच त्याच्यासमोरून उठला होता.

साक्ष झकास झाली होती. साउथ डकोटातल्या एका छोट्या रेडिओ स्टेशनचा तो मॅनेजर. ‘उमेदवारांना सारखा वेळ आम्ही आपणहून देतो, त्यासाठी कायद्याचा बडगा कशाला?’ असं त्याने ठणकावून सांगितलं होतं. गेल्या निवडणुकीत दोन्ही उमेदवारांना पंधरा-पंधरा मिनिटं दिली होती. जिंकलेल्याला संध्याकाळी पाचला, मिसेस व्हर्ना हॉकिन्सनना रात्री आठला.

आता त्या बाईच टेबलाशी बसल्या होत्या. त्यांना वॉशिंग्टनला त्यानेच आणलं होतं. पडलेल्या उमेदवाराने शाबासकी दिली की कुणी तोंड उघडणार नव्हतं.

“जेवणानंतरची वेळ मिळाली तुम्हाला! लाडच झाले की, मॅडम,” अध्यक्ष हसले. “काही तक्रार?”

“रोस्टवेटसाहेबांबद्दल? छे! सरळ माणूस आहे.” बाईंनी हातमोजे मांडीवर नीट जोडून ठेवले. “भाषणच माझं मिळमिळीत झालं असणार. माझी बहीण इडा स्टेशनपासून चाळीस मैलांवर राहते. म्हणाली, ‘नुसती खरखर आली गं.’ मी म्हटलं, आवडलं नाही तर तोंडावर सांग, थापा कशाला मारतेस? तेव्हापासून आम्ही बोलत नाही.”

रोस्टवेटचे कान तापले. पाचला बोललेला उमेदवार त्याचा मासेमारीतला दोस्त होता. आठची वेळ त्याने स्वतः निवडली होती. त्याबद्दल बाईंनी घरी केलेला ॲपल पाय आणून दिला होता. तो त्याने खाल्लाही होता.

तो मागच्या खुर्चीवरून उठला.

“तुमची साक्ष झाली, साहेब,” अध्यक्ष म्हणाले.

“नाही झाली, अध्यक्ष महोदय. दिवस मावळला की आम्हाला स्टेशनच्या प्रक्षेपणाची ताकद कमी करावी लागते. लांबच्या स्टेशनांना अडथळा नको म्हणून. तसा नियमच आहे. मला ते ठाऊक होतं. म्हणून तर यांना आठची वेळ दिली.”

पेंगणारा सिनेटर जागा झाला. बाई सावकाश मागे वळल्या.

“मग आठ वाजता तुमचा आवाज पोचतो कुठवर?”

“अठरा मैल.”