तिसरी यादी

डॉक्टरांनी दहा शब्द एकदाच वाचले, सावकाश. बोट, घड्याळ, लिंबू, दोरी... तो प्रत्येक शब्दाला मान डोलावत होता. शेजारच्या खुर्चीत त्याची बायको अंग चोरून बसली होती, कारण ही ती यादी नव्हती.

शब्द लक्षात ठेवायच्या या चाचणीच्या सहा याद्या असतात आणि संघातल्या जुन्या खेळाडूंना त्या तोंडपाठ असतात. डोक्याला मार बसला की आपले डॉक्टर तिसरीच काढतात, असं कुणीतरी त्याला छातीठोकपणे सांगितलं होतं. मग तीन दिवस सकाळच्या चहाबरोबर तिने त्याच्याकडून तिसरी यादी घोकून घेतली. हे बरोबर नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण चौदा वर्षं रग्बीवर पोट भरलेला, स्क्रममध्ये पहिल्या रांगेत मान घालून पलीकडच्या आठ जणांचा रेटा झेलणारा हा माणूस शनिवारच्या सामन्यासाठी गयावया करू लागला, तेव्हा तिचा नाइलाज झाला. पास झाला तर शनिवारी मैदानात. नापास झाला तर या वयात त्याच्याशी पुन्हा करार कोण करणार होतं?

दोन आठवड्यांपूर्वी एकाला आडवं करताना तो स्वतःच डोक्यावर आपटला, उठला आणि थेट समोरच्या संघात जाऊन उभा राहिला. लोक हसले. तीही हसली होती. त्या हसण्याची तिला अजून लाज वाटत होती.

डॉक्टरांनी त्याला महिने उलटे म्हणायला लावले. गडी डिसेंबरपासून धडाधड जानेवारीला पोचला. मग एका पायावर उभं केलं. एकशे अठरा किलोंचा देह जरा हेलकावला, पण निभावलं.

"आता मघाचे शब्द सांग बघू," डॉक्टर म्हणाले.

त्याने डोळे मिटले. "चमचा, आरसा, सुई, टेकडी, साबण..." दहाच्या दहा, एका दमात, क्रमाने. सगळे तिसऱ्या यादीतले. मघाच्या दहांतला एकही नाही. डोळे उघडून त्याने डॉक्टरांकडे नाही, तिच्याकडे पाहिलं. पाठांतर चोख झाल्याचा आनंद त्याच्या तोंडभर पसरला होता.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चौदा वर्षं त्यांनीच त्याच्या फुटलेल्या भुवया शिवल्या होत्या, आणि आता ते त्याच्याऐवजी तिच्याकडे बघत होते. तिला वाटलं, हे त्याला आपणच सांगावं. तिने त्याचा हात हातात घेतला.

"सगळे बरोबर आले," ती म्हणाली. "पण ते आपण घरी पाठ केलेले. डॉक्टरांनी आज दुसरे वाचले."

"कधी?" त्याने विचारलं. अगदी मनापासून विचारलं.

तो आता चिडेल, पुन्हा एकदा घ्या म्हणून हटून बसेल, असं तिला वाटत होतं. तसं काही झालं नाही. तो डॉक्टरांच्या हातातल्या कागदाकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या लक्षात आलं.

मग त्याने हलक्या आवाजात विचारलं, "शनिवारी घरी असले की लोक काय करतात गं?"

ती विचारात पडली. चौदा वर्षांत शनिवार तिच्याही वाट्याला कधी आला नव्हता.

"उशिरा उठतात म्हणे," ती म्हणाली.