आधीपासूनचं दुखणं

इंदुमती धायगुडे यांचा गुडघा ऑपरेशननंतर ठणठणीत झाला. पण तो बरा झालाच नाही असं समजू या, कारण विमा योजनेनेही तसंच समजायचं ठरवलं होतं.

इंदूताई शुद्धीवर आल्या त्या कळवळतच. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचाही गुडघा कालच बदललेला, पण त्या निवांत केळ्याचे वेफर्स खात होत्या.

"तुम्हाला दुखत नाही?"

"आमच्या ह्यांच्या कंपनीची पॉलिसी हो. त्यात आधीचंही दुखणं काढतात, नंतरचंही. वेफर्स घ्या ना."

सिस्टरने इंदूताईंच्या कानामागची चकती तपासली. "चकती बरोबर चाललीय, मावशी. ऑपरेशनचं दुखणं तिनं काढून घेतलंय. हे तुमचं आधीचं. ते तुमच्या योजनेत बसत नाही, म्हणून पेशंटला परत करावं लागतं."

"अगं, पण आधी एवढं कुठं होतं!"

"तुम्हीच दहापैकी दहा सांगितलं होतंत. फॉर्मवर जेवढं लिहिलंय तेवढंच परत येतं."

सांगितलं होतं खरं. एसटीत जन्मभर उभ्यानं तिकिटं फाडून गुडघा दुखायचा तो फार तर चार. पण सून म्हणाली होती, "आई, वाढवूनच सांगा, नाहीतर ऑपरेशन मंजूर होत नाही."

आता हे दहा घेऊन उरलेला जन्म काढायचा होता. इंदूताईंनी सुनेला बोलावून घेतलं आणि अर्ज लिहायला बसवलं.

'तरी माझ्या नवीन गुडघ्यातील दहापैकी सहा वेदना खोट्या असल्याने त्या परत घेण्यात याव्यात व माझ्या हक्काच्या चारच ठेवण्यात याव्यात, ही नम्र विनंती.'