पहिली पसंती

कौशल्याबाईंनी भेंडी हातात घेतली, तेव्हाच पुंडलिकराव ओळखून चुकले की बाईंना वांगी हवी आहेत.

"कशी लावली जी भाऊ?" बाईंनी एक भेंडी मोडून पाहिली आणि नाक मुरडलं. डोळे मात्र पलीकडच्या जांभळ्या ढिगावर होते.

"घ्या नं, सकाळीच तोडली," म्हणत पुंडलिकराव मिशीत हसले. नाचणगावच्या बाजारात भाजी विकता विकता त्यांचे केस पिकले होते. मनातल्या मालावर आधी हात ठेवायचा नसतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. बैल घ्यायचा असो की वांगी, आधी भलत्याचीच चौकशी करायची, त्याला चार नावं ठेवायची आणि मग जाता जाता विचारायचं, 'अन् हे कसं?' ज्याला हे जमत नाही त्याला पुंडलिकराव बावळट म्हणत. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हणही त्यांना ठाऊक होती, पण ती ते दुसऱ्यांसाठी वापरत.

कौशल्याबाई भेंडी टाकून पुढच्या दुकानाकडे गेल्या. पुंडलिकरावांनी त्यांना जाऊ दिलं. वळसा घालून येणारच होत्या.

तेवढ्यात त्यांची मुलगी अंकिता आली. सायकल तिनं पोत्यांवरच आडवी टाकली. हातात मोबाइल होता.

लागली वाटतं प्रवेशाची यादी! पुंडलिकरावांनी हातातली तागडी खाली ठेवली. पोरीला इंजिनिअरिंगच्या सीईटीत अठ्ठ्याण्णव पर्सेंटाइल पडले होते. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे शाळेतल्या सरांनी त्यांना नीट समजावून दिलं होतं आणि त्यांनी ते बाजारभर समजावलं होतं. "शंभर पोरं उभे करा लायनीत. अठ्ठ्याण्णव माह्या पोरीच्या मांगं!" असा माल हाती असल्यावर पुण्याचं सरकारी कॉलेज जातं कुठं?

"काय झालं? भेटलं पुणं?"

"बाबा," अंकिता म्हणाली, "कॉलेजांच्या नावांचा कागद मी तुमच्यापाशी देल्ला होता. सचिनभाऊच्या नेटकॅफेत तुम्ही तोच भरला नं?"

"तोच भरला."

"मंग वर्धा रोडवरचं कॉलेज एक नंबरवर कसं आलं? मी तं ते सगळ्यात खाली लिहलं होतं. कुठंच नाई भेटलं तं असू दे म्हणून."

पुंडलिकरावांनी आजूबाजूला पाहिलं. धंद्यातली गोष्ट मोठ्यानं बोलायची नसते.

"म्याच फिरवलं," ते हळूच म्हणाले. "तू तापानं फणफणून राह्यली होती, तुले कायले उठवाव? अवं, आपल्याले पुणंच पाह्यजे हे पहिल्या झटक्यात दाखवलं, तं ते भाव खातीन नं! म्हणून वर्धा रोडवालं वर टाकलं, अन् पुणं पार बुडाशी. सचिन म्हणे, काका, उलटं काऊन? म्या म्हटलं, तू टाइप कर मुकाट्यानं. आता दुसऱ्या फेरीत पाह्य तू, तेच आपल्याले वर चढवतीन."

त्यांच्या असल्या युक्त्यांवर अंकिता लहानपणापासून हसत आली होती. ती हसेल म्हणून ते थांबले.

"दुसरी फेरी नाई, बाबा."

"काऊन? तीन-चार फेऱ्या असते म्हणे."

"ज्याले पहिली पसंती भेटत नाई, त्याच्यासाठी असते. मले भेटली." तिनं मोबाइल त्यांच्यापुढे धरला. हिरव्या अक्षरांत अभिनंदन केलेलं होतं. "आता हेच पक्कं. पुढच्या फेऱ्यात माह्यं नावच नाई."

"अन् आपण हे नाई घेतलं तं?"

"तं यंदा काहीच नाई. पुढच्या साली पुन्हा परीक्षा."

पुंडलिकरावांनी डोक्यावरचा दुपट्टा काढला, पुन्हा बांधला. "आपण साहेबाले भेटू. बापानं चूक केली म्हणून सांगू. पाया पडतो मी."

"कोणत्या साहेबाले? मशीन हाय ते. तुम्ही आधी काय मागतलं, तेवढंच पाह्यते ते." मग ती म्हणाली, "पुण्यातली सिव्हिलची शेवटची सीट सत्त्याण्णववर गेली, बाबा."

एवढंच. तिनं आवाज चढवला नाही. चार लोकांत चार शब्द सुनावले असते, तर पुंडलिकरावांना बरं वाटलं असतं. ती त्यांच्या मागच्या पोत्यावर बसली. दर बाजाराला बसायची तशीच. मग तिनं तांब्या ओढला आणि पालकाच्या जुड्यांवर पाणी शिंपडायला लागली. पुंडलिकरावांना मागं वळून बघवेना.

कौशल्याबाई वळसा घालून आल्या. पुन्हा एक भेंडी उचलली, पुन्हा मोडली.

"निबरच वाटते बापा. बरं, देता का बराबर लावून?" आणि डोळे वांग्यांवर.

पुंडलिकरावांनी दोन्ही हातांनी भेंडी ओढून तागडीत घातली. काटा झुकला तरी घालतच राहिले. मग बाईंच्या हातातली पिशवी घेऊन त्यांनी सारी तागडी तिच्यात ओतली.

"अवो भाऊ! हे काय करून राह्यले? मले तं वांगे पाह्यजे होते!"

"तुमी आधी भेंडीले हात लावला," पिशवी परत देत पुंडलिकराव म्हणाले. "आता भेंडीच भेटन."